माळावर पाणी आणि युरिया: गवत वाढेल, पण कोणतं?

घणसोलीत राहणाऱ्या एका तरुणाचा प्रश्न आहे. वडील तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी म्हणून राबले. गावाकडे माण तालुक्यात चार एकर माळ आहे, तो चुलते सांभाळतात. मुरमाड जमीन, तिच्यावर कुसळी, थोडं मारवेल, आणि त्यावर जगणाऱ्या मेंढ्या आणि दोन खिलार गाई. यंदा बोअर घेतलं, दीड इंच पाणी लागलं. आता विचार असा चालला आहे की माळावर तुषार संच (स्प्रिंकलर) लावायचा, एकरी दोन पोती युरिया टाकायचा आणि गवत दुप्पट-तिप्पट करायचं. कोरड्या गवताळ भागात पाणी आणि नत्र, म्हणजे युरियातलं नायट्रोजन, एकत्र दिलं की वाढ खूप होते असं त्यांनी वाचलं आहे. ते आपल्याकडे लागू पडेल का, असं विचारलं आहे.

मी ठाण्यात राहते, पण तीस वर्षं काम केलं ते पुणे, सातारा, सोलापूरकडच्या कुरणांवर आणि चाऱ्यावर. त्यामुळे उत्तर जरा लांबेल, पण तुमच्या माळाला धरूनच देते.

वाढ होईल. पहिली एक-दोन वर्षं डोळ्यांत भरेल इतकी होईल. पण वाढेल ते आज तुमच्या माळावर असलेलंच गवत असेल, असं मात्र मी म्हणणार नाही. माझं बहुतेक सगळं म्हणणं याच गोष्टीबद्दल आहे.

शहरात राहिलं की गवत म्हटल्यावर डोळ्यांसमोर सोसायटीचं लॉन येतं, नाहीतर खारघरच्या सेंट्रल पार्कची हिरवळ. पाणी द्या, थोडं खत द्या, गवत वाढतं, असं रोजच दिसतं. पण लॉन ही एका जातीची लागवड असते, आणि त्यात उगवणारं दुसरं प्रत्येक रोप माळी खुरप्याने काढत असतो. हे खुरपं आपल्या लक्षात राहत नाही. माळावर कोणी खुरपं घेऊन बसणार नाही. तिथे तुम्ही दिलेलं पाणी आणि खत अनेक जातींच्या झाडांसमोर एकदम जाऊन पडतं, आणि त्यातलं कोणी किती उचलायचं हे तुमच्या हातात राहत नाही.

आधी पाण्याचा हिशेब मांडू, कारण तो बहुतेक जण मांडतच नाहीत. एका चौरस मीटरवर १ लिटर पाणी म्हणजे १ मिलिमीटर पाऊस. एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. घोडबंदर रोडच्या सोसायट्यांत उन्हाळ्यात येतो तसला १०,००० लिटरचा टँकर एका एकरावर सारखा पसरला तर जेमतेम अडीच मिलिमीटर पाऊस पडल्यासारखं होतं. माणमध्ये वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस होतो, ठाण्यात त्याच्या सुमारे पाचपट. माणच्या पावसात १०० मिलिमीटरची भर घालायची तर एकरी ४० टँकर लागतात, चार एकराला १६०. तुमचं बोअर समजा तासाला ५,००० लिटर देतं आणि मोटर आठ तास चालते. म्हणजे दिवसाला एका एकरावर १० मिलिमीटर, आणि चारही एकर तेवढेच भिजवायला चार दिवस. हे आकडे चुलत्यांसोबत बसून कागदावर लिहा. पावसाळ्यात लागलेलं दीड इंच पाणी मार्चमध्येही दीड इंचच राहील असं कोणी छातीठोक सांगू शकत नाही.

आता हे पाणी जमिनीत किती मावतं ते पाहा. मुरमाड माळावर मातीचा थर वीतभर असला तरी नशीब. एवढ्या थरात मुळांना उचलता येईल असं पाणी साधारण २० ते २५ मिलिमीटर मावतं. पावसाळी उघडिपीत गवत आणि उघडी माती मिळून दिवसाला ४-५ मिलिमीटर पाणी उडवतात. म्हणजे भरलेली माती पाच दिवसांत रिकामी. एका वेळी ४० मिलिमीटर दिलं तर निम्मं मुरमाच्या भेगांतून खाली जाईल. याच्या उलट दुपारच्या उन्हात तीन-चार मिलिमीटर शिंपडलं तर वरची पापडी ओली होऊन संध्याकाळपर्यंत वाळेल, मुळांपर्यंत काही पोचणार नाही. एका वेळी १५ ते २० मिलिमीटर, तेही संध्याकाळनंतर किंवा पहाटे, एवढंच त्या मातीला झेपतं.

पाण्याचं आणखी एक काम असतं, ते वरून दिसत नाही. मृगाचा पहिला पाऊस पडल्यावर आठवड्याभरात माळ कसा पोपटी होतो हे तुम्ही लहानपणी सुट्टीत पाहिलं असेल. ही हिरवळ नुसत्या ओलाव्याची नसते. उन्हाळाभर माती तापून कोरडी पडते, त्यात असंख्य जिवाणू मरतात, मुळं आणि पानांचा चुरा न कुजता तसाच पडून राहतो. पाणी पडताच उरलेले जिवाणू या सगळ्यावर तुटून पडतात आणि काही दिवसांतच मातीत नत्र मोकळं होतं. एच. एफ. बर्च नावाच्या संशोधकाने पूर्व आफ्रिकेतल्या मातीवर हे नीट मोजून १९५८ साली मांडलं, म्हणून त्याला बर्च परिणाम म्हणतात. म्हणजे तुमचा माळ दर मृगाला स्वतःचं खत स्वतः तयार करतो. त्याच वेळी वरून युरिया टाकणं म्हणजे भरल्या ताटात आणखी वाढणं. मुळं तोवर पुरती जागीही झालेली नसतात, त्यामुळे घेणारं कोणी नसतं.

नुसतं नत्र दिलं तर? झाडाला दाणा खाता येत नाही, मुळं फक्त पितात. नत्र पाण्यात विरघळून पाण्याबरोबरच मुळांपर्यंत येतं. माती कोरडी असेल तर नत्र तिथेच असूनही झाडासाठी नसल्यासारखंच. म्हणून कोरड्या गवताळ भागात नुसत्या नत्राचा परिणाम वर्षागणिक बदलतो. चांगल्या पावसाच्या वर्षी फरक स्पष्ट दिसतो, दुष्काळी वर्षी खत घातलेला आणि न घातलेला पट्टा शेजारीशेजारी सारखेच करपतात. जगभरच्या १२६ प्रयोगांचा एकत्रित अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला होता. नत्र दिल्यावर जमिनीवरची वाढ सरासरी २९ टक्क्यांनी वाढली असं त्यात निघालं. जंगल, गवताळ प्रदेश, पाणथळ, टुंड्रा, सगळीकडे फरक पडला. वाळवंटात मात्र ठाम म्हणावा असा फरक दिसला नाही. तुमचा माळ वाळवंट नाही, पण पाऊस हुकलेल्या वर्षी तो त्याच्या बराच जवळ जातो.

आणि युरियाची स्वतःची एक खोड आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका उतारावरच्या चारा प्लॉटमध्ये आम्ही पावसाच्या अंदाजावर विसंबून युरिया फोकला. ढग होते, वारंही पावसाळी होतं. पाऊस मात्र अठरा दिवस आला नाही. दोन दिवसांनी सकाळी प्लॉटवर गेले तर नाकाला झोंबणारा वास येत होता, गोठा बरेच दिवस न धुतल्यावर येतो तसा. आमचं नत्र अमोनिया होऊन हवेत चाललं होतं. आपल्या दख्खनच्या माळाची माती बहुधा चुनखडीची, अल्कधर्मी असते, पृष्ठभाग तापलेला असतो, वर लेंड्या आणि शेणाचा भुगा असतो. युरिया वरच्या वर पडून राहिला तर उडून जायला याहून सोयीची जागा नाही. टाकल्यावर एक-दोन दिवसांत १०-१५ मिलिमीटर पाणी मिळालं तरच तो मातीत उतरतो. त्या प्लॉटवर गेलेल्या मजुरीची आणि खताची मला आजही हळहळ वाटते. तेव्हापासून पाऊस जमिनीवर पडलेला पाहिल्याशिवाय मी कोणालाही माळावर युरिया टाकायला सांगितलेलं नाही.

आता दोन्ही एकत्र. इथे तुम्ही वाचलेलं खरं आहे. नुसत्या पिठाची भाकरी होत नाही आणि नुसत्या पाण्याचीही नाही. पाणी असलं की नत्र मुळांपर्यंत पोचतं. नत्र मिळालं की पानात प्रथिनं जास्त तयार होतात, पान जास्त काम करतं, आणि तेवढ्याच पाण्यात जास्त चारा बनतो. म्हणून दोन्ही मिळून होणारी वाढ ही पाण्याची वाढ अधिक नत्राची वाढ, या बेरजेपेक्षा बरेचदा जास्त भरते. चीनच्या अंतर्गत मंगोलियातल्या गवताळ प्रदेशात आणि अमेरिकेच्या कोरड्या मैदानांवर असे प्रयोग झाले आहेत, आणि चित्र थोड्याफार फरकाने हेच दिसतं. चाऱ्याचा कसही वाढतो. आपलं माळाचं गवत दिवाळीनंतर वाळतं तेव्हा त्यातलं प्रथिन तीन-चार टक्क्यांवर येतं. गाईच्या पोटातल्या जिवाणूंना नीट काम करायला चाऱ्यात सातेक टक्के तरी प्रथिन लागतं. म्हणून तुमच्या खिलार गाई फेब्रुवारीत पोटभर खाऊनही खंगतात.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. एकरी दोन पोती, म्हणजे ४५ किलोची दोन, त्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे एकरी साधारण ४१ किलो नत्र. चौरस मीटरला १० ग्रॅमच्या आसपास. शास्त्रज्ञ गवताळ प्रदेशांच्या प्रयोगांत बरेचदा नेमकं हेच प्रमाण वापरतात. मात्र ते शेतकऱ्याने काय द्यावं हे सांगण्यासाठी वापरत नाहीत. गवताळ प्रदेशावर नत्राचा मारा झाला तर त्यात काय काय बदलतं हे थोड्या वर्षांत उघड दिसावं, म्हणून वापरतात. तुमच्या चुलत्यांनी कोणाच्या तरी सांगण्यावरून तोच मारा माळासाठी धरला आहे.

काय बदलतं ते पाहायला प्रयोगशाळा नको. धनगर वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावून रात्री मेंढ्या बसवतात ती जागा तुमच्या माळावर कुठेतरी असणार. चुलत्यांना विचारा, दहा वर्षांपूर्वी मेंढ्यांचा वाडा कुठे बसायचा. ते न चुकता बोट दाखवतील, कारण ती जागा अजून वेगळी दिसते. लेंड्या आणि मुताचं नत्र तिथे वर्षानुवर्षं साचलं. तिथे कुसळी नाही, पवन्या नाही. तिथे आघाडा, काटेमाठ, तरोटा, धोतरा, आणि गेल्या काही दशकांत गाजरगवत. दुरून पाहिलं तर तो माळावरचा सगळ्यात हिरवा तुकडा वाटतो, आणि मेंढ्या त्याला तोंड लावत नाहीत.

माणला जायलाही नको. एप्रिलमध्ये घणसोली-कोपरखैरणेच्या एखाद्या नाल्याकाठी उभे राहा आणि पारसिकच्या डोंगराकडे पाहा. उतारावरचं गवत वाळून पिवळं पडलेलं असतं आणि नाल्याचा काठ हिरवागार. तिथे पाणी आहे, सांडपाण्यातून आलेलं नत्रही आहे. पण त्या हिरव्या रानात उतारावरच्या गवताची जात क्वचितच दिसेल. पाणकणीस, एरंड, गाजरगवत, असला मामला असतो. पाणी आणि नत्र एकत्र मिळालं की जमीन मालक बदलते.

असं का होतं? कुसळी, मारवेल, पवन्या, शेडा ही बहुवर्षायू गवतं अडचणीत जगायला घडलेली आहेत. त्यांची बरीचशी पुंजी जमिनीखाली असते, मुळांत आणि बुंध्याच्या कोंबांत. पाऊस चुकला तर ती त्यावर तगतात, आणि पाऊस वाढला तरी एका वर्षात कोंब एकदम दुप्पट होत नाहीत. आदल्या वर्षी दुष्काळ असेल तर यंदा पाणी भरपूर मिळूनही गवत मागेच राहतं, कारण कोंबच कमी शिल्लक असतात. वर्षायू तणाचं तसं नसतं. त्याचं बी मातीत हजारोंनी पडलेलं असतं. ओल आणि नत्र एकत्र मिळालं की ते पंधरा दिवसांत गुडघ्याला लागतं. कोरड्या, भुकेल्या माळावर सगळी झुंज जमिनीखाली, पाण्यासाठी आणि नत्रासाठी असते, आणि त्यात आपली गवतं पटाईत आहेत. तुम्ही पाणी आणि नत्र फुकट वाटलंत की झुंज जमिनीवर येते, उजेडासाठी होते. त्यात जो आधी उंच होतो तो जिंकतो.

सगळ्यात आधी जातात ती शेंगवर्गातली बुटकी झाडं. त्यांच्या मुळांवरच्या गाठींत हवेतलं नत्र बांधणारे जिवाणू राहतात, आणि त्या बदल्यात झाड त्यांना साखर पुरवतं. मातीत नत्र नसतं तेव्हा हा व्यवहार परवडतो. युरिया आला की परवडत नाही, आणि वरून सावली पडते. मेंढ्यांना सगळ्यात आवडणारा, सगळ्यात प्रथिनाचा भाग तुम्ही पैसे खर्चून घालवलेला असतो.

हे उलट फिरवता येतं का, हा माझ्या मते खरा प्रश्न आहे. अमेरिकेत कोलोराडोच्या कोरड्या मैदानावर, जिथे वर्षाला ३०० ते ३५० मिलिमीटर पाऊस पडतो, १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला काही वर्षं एक प्रयोग झाला. काही तुकड्यांना नुसतं पाणी, काहींना नुसतं नत्र, काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. दोन्ही मिळालेल्या तुकड्यांत वाढ सगळ्यात जास्त झाली. १९७५ नंतर पाणी आणि खत बंद केलं. खरं शिकण्यासारखं त्यानंतर घडलं. पुढे पंधरा वर्षांनीही ते तुकडे आजूबाजूच्या माळासारखे झाले नव्हते. बाहेरून आलेली तणं त्यांत ठाण मांडून होती. थोडी वर्षं दिलेल्या खताचा हिशेब जमीन दीड दशक चुकता करत होती.

दुसरा दाखला अमेरिकेतल्याच मिनेसोटा राज्यातल्या सीडर क्रीक या संशोधन केंद्राचा. तिथली जमीन रेताड आणि नत्राला गरीब आहे. हेक्टरी फक्त १० किलो नत्र दरवर्षी दिलं, तरी दोन दशकांत झाडांच्या जाती १७ टक्क्यांनी कमी झाल्या. हेक्टरी १० किलो म्हणजे एकरी ४ किलो नत्र, म्हणजे युरियाच्या एका पोत्याचा पाचवा हिस्सा. एवढ्या थोड्या नत्राचा परिणाम खत थांबवल्यावर तेरा वर्षांत भरून आला, हेही त्याच संशोधकांनी नोंदवलं आहे. म्हणजे कमी मात्रेतून परतीची वाट आहे, पण ती लांब आहे. तुमची मात्रा त्याच्या दहापट आहे.

या टप्प्यावर लोक मला म्हणतात, मॅडम, माळच तर आहे, पडीकच तर आहे. सातबाऱ्यावर पडीक लिहिलं म्हणून जमीन पडीक होत नाही. माळढोक, धाविक, चंडोल, खोकड, लांडगा यांचं घर हेच आहे. सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोकासाठी अभयारण्य करावं लागलं ते असे माळ सरसकट मोडले गेले म्हणूनच. तुमच्या मेंढ्या, गाई आणि माणदेशातली सगळी धनगरी त्याच गवतावर उभी राहिली. मला या गवताबद्दल माया आहे, आणि ती लपवून हे उत्तर लिहिता येणार नाही.

म्हणून मी काय करेन ते सांगते. चार एकरांतला साडेतीन एकर माळ माळच ठेवेन. तिथे बोअरचं पाणी नाही आणि पिशवीतलं नत्र नाही. त्याऐवजी जो पाऊस पडतो तोच तिथे थांबवेन. उतार असेल तर सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एकाच पातळीतले चर काढा. पळून जाणारं पाणी जिरलं तर बोअरच्या पाण्याइतकीच ओल फुकट मिळते, आणि ती पावसाच्या लयीनेच मिळत असल्यामुळे जुन्या गवतांना मानवते. दुसरं, राखण. माळाचे दोन भाग करा आणि दरवर्षी एक भाग जूनपासून सप्टेंबरपर्यंत मेंढ्यांपासून पूर्ण राखा. इकडे शहापूर-मुरबाडकडे वरकस, म्हणजे भात न होणाऱ्या हलक्या उताराच्या जमिनीवर गवत असंच राखायची पद्धत होती. पावसाळाभर जनावर आत सोडायचं नाही, दसऱ्यानंतर कापणी, आणि तेच गवत मुंबईच्या तबेल्यांना जायचं. तिथे पाऊस चौपट-पाचपट, ते खरं. पण कोंबाला वाढायला आणि बी धरायला उसंत हवी, ही गोष्ट माणलाही तितकीच खरी आहे. मी पाहिलेल्या बहुतेक माळांवर गवत खुरटं होतं ते नत्र कमी म्हणून नव्हे, चराईतून सुटका नाही म्हणून.

नत्र वाढवायचंच असेल तर ते मुळांवाटे येऊ द्या. स्टायलो हेमाटाचं बी पहिल्या चांगल्या पावसानंतर चराच्या मातीवर फोका. हे विदेशी पण शेंगवर्गातलं चाऱ्याचं झाड आपल्या हलक्या जमिनीत चांगलं येतं. त्याला थोडं सुपर फॉस्फेट मिळालं तर गाठी चांगल्या धरतात, कारण चुनखडीच्या जमिनीत स्फुरद (फॉस्फरस) असूनही झाडाला सहज मिळत नाही. असं आलेलं नत्र हळूहळू सुटतं.

उरलेला अर्धा एकर, घराजवळचा, माती जरा खोल असलेला, तो बोअरला द्या. तिथे माळ मोडून सुधारित मारवेलची ठोंबं लावा, किंवा गाईंसाठी संकरित नेपियर हे उंच वाढणारं चाऱ्याचं गवत. ही लागवड आहे, इथे खुरपं चालतं. इथे पाणी आणि नत्र दोन्ही द्या आणि जोडीचा पुरेपूर फायदा घ्या. मारवेलला अर्ध्या एकराला वर्षाला अर्धं पोतं युरिया, तेही कापणीनंतर दोन-तीन हप्त्यांत आणि प्रत्येक वेळी लगेच पाणी. नेपियर याहून खादाड आहे, त्याला प्रत्येक कापणीमागे द्यावं लागतं. बोअरचं पाणी आधी क्षारांसाठी तपासून घ्या. कोरड्या भागात खारट पाण्याची तुषार पद्धत चार-पाच वर्षांत माती बिघडवते.

वेळेचंही सांगते. कुसळी-मारवेल ही उन्हाळी-पावसाळी गवतं आहेत. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दिवस लहान होऊ लागले की ती निसवतात, म्हणजे तुरे काढतात, आणि मग आवरतं घेतात. डिसेंबरमध्ये माळावर पाणी सोडलं तर ती फारशी उठत नाहीत, तण मात्र उठतं. दिलेल्या पाण्याचं सगळ्यात जास्त मोल जुलै-ऑगस्टच्या उघडिपीत मिळतं, गवत जोमात असताना पाऊस आठ-दहा दिवस दडी मारतो तेव्हा. तेव्हाचं एक पाणी उन्हाळ्यातल्या चार पाण्यांना भारी.

आणि एक धोका, जो कोणी सांगत नाही. नत्र भरपूर मिळालेलं झाड पाण्याच्या ताणात सापडलं की ते नत्र प्रथिनात बदलू शकत नाही. ते नायट्रेटच्या रूपात खोडाच्या खालच्या भागात साचतं. अशा झाडावर जनावर चरलं तर पोटात त्याचं नायट्राइट होतं, ते रक्तातलं हिमोग्लोबिन निकामी करतं, आणि जनावर श्वासासाठी तडफडून काही तासांत जाऊ शकतं. रक्त चॉकलेटी दिसतं. काटेमाठासारखी तणं, ज्वारी, बाजरी यांत हे साचण्याचं प्रमाण जास्त. म्हणजे युरियामुळे माळावर जे तण येतं, तेच हे विष जास्त साठवतं. मोटर जळाली, वीज नव्हती, बोअर आटलं आणि खत घातलेला चारा सुकायला लागला, तर उपाशी जनावर त्यात सोडू नका. पाऊस पडून तो पुन्हा टवटवीत झाला तरी पहिला आठवडा थांबा.

हे सगळं माझ्या शब्दावर मानू नका, आणि चुलत्यांनीही मानावं असं नाही. या पावसाळ्यात माळाच्या एका कोपऱ्यात स्वतःच पाहा. तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद असे बारा चौकोन खुंट्या आणि सुतळीने आखा, मध्ये दोन पावलांची जागा सोडा, सगळ्यांना काटेरी फांद्यांचं कुंपण घाला. चिठ्ठ्या टाकून ठरवा: तीन चौकोनांना काहीच नाही, तीनांना पाणी, तीनांना युरिया, तीनांना दोन्ही. युरिया प्रत्येक चौकोनाला एकूण १०० ग्रॅम, पन्नास-पन्नास ग्रॅम दोनदा, चांगला पाऊस पडून गेल्यावर. ही मात्रा चुलत्यांच्या बेताच्या निम्मी आहे, फरक दिसायला पुरते. पाणी फक्त उघडिपीत, एका वेळी प्रत्येक चौकोनाला १३५ लिटर, म्हणजे १५ लिटरचे नऊ हंडे. ते १५ मिलिमीटर होतं. झारीने द्या, ओतू नका.

कापणी घटस्थापनेच्या सुमाराला, कुसळं पक्की व्हायच्या आत. चौकोनाच्या मधला एक मीटर लांबी-रुंदीचा तुकडाच कापा, कडा सोडा. सावलीत वाळवून वजन करा. एका मीटरच्या तुकड्यात १०० ग्रॅम भरलं तर एकरी साधारण ४०० किलो झालं. मात्र वजन करण्याआधी प्रत्येक तुकड्यातलं गवत आणि तण वेगळं करा आणि दोन्हींचं वजन वेगळं लिहा. शेंगवर्गातली झाडं असतील तर त्यांचाही तिसरा ढीग. जाती ओळखायला माझी गरज पडणार नाही, मेंढरामागे हिंडलेल्या चुलत्यांना प्रत्येकीचं नाव माहीत असेल. त्यांच्याकडून विचारून वहीत लिहून घ्या, आणि पुढच्या वर्षी याच खुंट्या तशाच ठेवून काहीही न देता पुन्हा कापा. मला दुसऱ्या वर्षीचे आकडे पाहायला जास्त आवडतील.